नाशवंत आधी

"या जगात दूर असं काही नसतंच. असतं ते फक्त चुकलेलं नियोजन!"

दिनकररावांनी हे उद्गार काढले तेव्हा ते वोल्फ्सबुर्गच्या एका बसथांब्यावर, हातात कोथिंबिरीची जुडी धरून, नुकत्याच सुटलेल्या बसच्या पाठीकडे बघत उभे होते. पुढची बस तासाभराने होती. मुलाचं घर समोरच्या टेकाडापलीकडे, चालत गेलं तर पानाचा विडा संपायच्या आत पोचावं इतकं जवळ. पण ज्याने सारा जन्म विमानांचे मार्ग आखण्यात घालवला, तो माणूस कोथिंबिरीसाठी पायी चालत नाही. ते तासभर थांबले. घरी पोचेपर्यंत कोथिंबिरीने मान टाकली होती आणि सुरेखाबाईंची आमटी तिच्यावाचून उकळून, वाढून, जेवून झाली होती.

दिनकरराव तामुआ एअरवेजचे निवृत्त मार्ग-नियोजन व्यवस्थापक. तामुआ कुठे आहे, असं कोणी विचारलं की ते त्याला आधी नीट टेकून बसायला सांगत. प्रशांत महासागराच्या नकाशावर छापखान्यातली शाई उडाल्यासारखा जो ठिपका दिसतो, ते तामुआ. सगळ्यात जवळचा शेजारी विमानाने पाच तासांवर. कंपनीकडे विमानं दोन, एक थोरलं आणि एक धाकटं. थोरलं बिघडलं की धाकटं जायचं. धाकटं बिघडलं की दिनकरराव स्वतः जायचे, प्रवाशांना चहा घेऊन.

इतक्या आडबाजूच्या बेटाची विमानकंपनी चालवणं म्हणजे काय, हे ज्यांच्या गावाला रेल्वे आहे त्यांना कळायचं नाही. विमान बेटाकडे निघालं आणि नेमके ढग खाली उतरले, तर वळून जायला दुसरी धावपट्टी नाही. म्हणजे येतानाच परत फिरण्यापुरतं इंधन बरोबर आणायचं. इंधन वाढलं की वजन वाढणार, वजन वाढलं की कुणाचं तरी सामान मागे ठेवावं लागणार. कुणाचं ठेवायचं, हे दिनकरराव ठरवत. त्यांचा नियम दोन शब्दांचा होता: नाशवंत आधी. बेटाकडे येताना बटाटे, दूध, औषधं. बेटावरून जाताना मासे. माणसांच्या ट्रंका नासत नाहीत, त्या पुढच्या विमानाने.

दुसरा नियम परतीचा. नाताळात सगळं बेट परदेशातून घरी यायचं; येणारं विमान खच्चून भरलेलं आणि जाणारं मोकळं. जानेवारीत बरोबर उलट. त्यामुळे रिकामं विमान परत धाडणं हे दिनकररावांच्या शास्त्रात गोहत्येच्या खालोखाल होतं. तिसरा एक नियम होता, पण तो लिहिलेला नव्हता. एक मार्ग केवळ वाहतूकमंत्र्यांच्या सासुरवाडीसाठी चालू होता, आणि त्याचा तोटा बाकीचे मार्ग मुकाट्याने सोसत.

ही सगळी थोर परंपरा घेऊन दिनकरराव आणि सुरेखाबाई यंदा प्रथमच पूर्ण तीन महिने प्रतापकडे राहायला आले होते. प्रताप वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात सॉफ्टवेअरवाला. त्याची आणि चारुलताची इच्छा अशी, की आईबाबांनी आता दर उन्हाळ्यात यावं आणि गणपतीला पुण्यात परत जावं. दिनकररावांची इच्छा त्याहून दांडगी होती, आणि तिचं नाव विहान. आठ वर्षांचा हा नातू मराठी समजायचा आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायचा. पण तामुआच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो जगातला एकमेव माणूस होता. पुण्यात दिनकररावांनी नुसतं "आमच्या तामुआला" म्हटलं तरी जिन्यावर पावलं वाजायची, उतरणाऱ्या माणसांची.

घोटाळा पहिल्याच दिवशी, बॅगा उघडताना झाला. सुरेखाबाईंनी सुती लुगड्यात गुंडाळून ठेवलेला खलबत्ता बॅगेत नव्हता. लुगडं होतं, छान घडी घातलेलं. खलबत्त्याच्या जागी पापड होते.

"अहो, माझा खलबत्ता कुठाय?"

"ऑफलोड केला."

"काय केला?"

"विमानतळावर वजन जास्त भरत होतं. तुझी बहीण सुलेखा सोडायला आली होती, तिच्याकडे दिला. काही काळजी करू नकोस, तो पुढच्या…"

"पुढच्या काय?"

'पुढच्या विमानाने' असं दिनकररावांच्या ओठांवर आलं होतं. पण निवृत्त माणसाला पुढचं विमान नसतं, हे त्यांना आयुष्यात प्रथमच जाणवलं.

तो खलबत्ता लोखंडी, काळा, तळाशी बसका. लग्न झाल्यावर सुरेखाबाईंच्या ट्रंकेतून तो तामुआला गेला होता आणि दिनकरराव निवृत्त झाल्यावर त्यांच्याबरोबर परत आला होता. कंपनीच्या पत्र्याच्या क्वार्टर्समध्ये दुपारी त्याचा आवाज सुरू झाला, की धावपट्टीपलीकडच्या कचेरीतही दिनकररावांना कळायचं, आज दाण्याची आमटी.

सुरेखाबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर दिनकररावांना बरं वाटलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "फक्त सांगून ठेवते. ज्या घरात माझा खलबत्ता नाही, त्या घरात मी पाहुणी. पाहुण्यांनी एकदा यावं, कौतुक करून घ्यावं, जावं. पुढच्या वर्षीपासून तुम्ही एकटे या."

"आई, अगं इथे दगडी मिळतो, म्योर्झर म्हणतात," प्रताप म्हणाला. "ऑनलाइन मागवू, उद्या येईल."

"आणि मिक्सर आहेच की," चारुलता म्हणाली.

"मागवा ना. तुमचं घर आहे," सुरेखाबाई म्हणाल्या, आणि पाहुण्यांसारख्या सोफ्याच्या कडेवर बसल्या.

दिनकरराव उठून उभे राहिले. "सुरेखा, परतीच्या आत तुझा खलबत्ता या ओट्यावर असेल. हा तामुआ एअरवेजचा शब्द आहे."

"तामुआ एअरवेज बंद पडली ना, बाबा?" प्रतापने विचारलं.

"मी सोडल्यावर," दिनकरराव म्हणाले.

जर्मनीतल्या मराठी माणसांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर कोणाचा वाढदिवस असो वा कोणाच्या घरची पूजा, मधूनमधून एक प्रश्न ठरलेला असतो: 'पुण्याहून कोणी येतंय का? अगदी छोटंसं पार्सल आहे.' त्यावर काही जण हात जोडल्याचं चित्र टाकतात, आणि जे खरोखर येणार असतात ते फोन बंद करून ठेवतात. प्रतापने वडिलांना या ग्रुपमध्ये घातलं, कारण ते दिवसभर घरी असत. पुढच्या आयुष्यात त्याने या निर्णयाचा उल्लेख टाळला.

दिनकररावांनी तो ग्रुप वाचला आणि त्यांचे डोळे पाणावले. विखुरलेली गावं, मोजके प्रवासी, एका वेळी सगळे एकाच दिशेला जाणार, आणि प्रत्येकाच्या बॅगेत थोडीशी जागा. हे तर तामुआच होतं! फक्त मध्ये समुद्र नव्हता. त्यांनी विहानचा रंगीत खडूंचा फळा ताब्यात घेतला. म्युनिकला एक मोठा तांबडा गोळा काढला, कारण पुण्याहून येणारे बहुतेक तिथे उतरत. गार्चिंगला विद्यार्थी राहतात, तिथे एक हिरवा गोळा. आणि वरच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब, एकटं वोल्फ्सबुर्ग.

"हे बघ विहान, आपण बेट आहोत."

"नाईन, ओपा," विहान आजोबांना म्हणाला. आपण बेट नाही, आपल्या शाळेमागे कालवा आहे, एवढंच त्याने जर्मनमध्ये सांगितलं. दिनकररावांनी कालवा निळ्या खडूने मोठा केला.

पुण्याहून दोघं येणार होते. मैथिली, म्युनिकला एका कंपनीत कामाला असलेली, माहेरपण आटोपून परतत होती. आणि क्षितिज, गार्चिंगच्या विद्यापीठात डॉक्टरेट करणारा मुलगा. दोघांच्याही बॅगा त्यांच्या आयांनी आधीच भरल्या होत्या. एकटा कोणीही पूर्ण खलबत्ता घ्यायला तयार होईना. दिनकररावांनी क्षणाचाही विलंब न लावता माल दोन विमानांत विभागला. खल मैथिलीकडे, बत्ता क्षितिजकडे.

"खल एकीकडे नि बत्ता एकीकडे?" सुरेखाबाई म्हणाल्या. "अहो, जन्मभराची जोडी आहे ती."

"आपणही पहिलं वर्ष वेगळेच राहिलो होतो."

"हो. तेव्हाही तुमचंच नियोजन होतं."

क्षितिजने बत्ता हातातल्या बॅगेत ठेवला, आणि विमानतळावरच्या तपासनिसाने तो उचलून, तोलून, हे कशासाठी असं विचारलं. "एका काकूंसाठी," क्षितिज म्हणाला. तपासनिसाने त्याच्याकडे त्या काकूंच्या काळजीने पाहिलं. शेवटी अख्खी बॅग चेक-इन करावी लागली आणि क्षितिज लॅपटॉप छातीशी धरून जर्मनीत उतरला. पण उतरला. खल म्युनिकला, बत्ता गार्चिंगला. दिनकररावांनी फळ्यावर दोन बाण पुरे केले आणि चहा मागितला.

आता राहिला शेवटचा टप्पा, म्युनिक ते वोल्फ्सबुर्ग. प्रतापचा सहकारी नागेश दर गुरुवारी कामासाठी म्युनिकला जाऊन यायचा.

"काका, माझ्याकडे फक्त एक बॅकपॅक असते. त्यात लॅपटॉप, डबा."

"बॅकपॅक म्हणजे आपलं धाकटं विमान!" दिनकरराव म्हणाले. "पण एक लक्षात ठेव, जाताना रिकामं जायचं नाही. सुरेखा, मैथिलीसाठी काहीतरी कर."

"काय करू?"

"चिवडा. नको, वजन कमी पण जागा फार खातो. लाडू कर."

सुरेखाबाईंनी दाण्याचे लाडू केले. चुकलं असेल तर इथेच. कारण मैथिलीने त्या लाडवांचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'वोल्फ्सबुर्गच्या दिनकरकाकांची नवी सेवा', आणि त्याच दिवशी फोनला धाप लागली.

'काका, माझं पुरणयंत्र म्युनिकला अडकलंय, येईल का?'

'काका, आईने नारळाच्या वड्या दिल्यात, दोन दिवसांत खराब होतील.'

'काका, कुकरची शिट्टी. फक्त शिट्टी.'

प्रत्येक पार्सल अगदी छोटंसंच होतं. निवृत्तीनंतर दिनकररावांना कोणी काही विचारलं नव्हतं. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या बाबतीतसुद्धा नाही. आता सगळी जर्मनी त्यांना विचारत होती. त्यांनी कोणालाच नाही म्हटलं नाही.

लाडू पोचवून नागेश त्याच पहिल्या फेरीत परत निघणार होता. म्युनिकहून मैथिलीचा फोन आला. "काका, बॅग भरतेय. तुमचा खल, नारळाच्या वड्या, क्षितिजने आणून दिलेला बत्ता आणि ग्रुपवरच्या देवदत्तांची आळूची पानं. सगळं बसत नाही. काय ठेवू?"

दिनकररावांनी एकदाच खोल श्वास घेतला. असे प्रसंग माणसाची परीक्षा बघतात. "नाशवंत आधी," ते म्हणाले. "खल पुढच्या फेरीला."

त्या संध्याकाळी वड्या आल्या, आळू आलं आणि लॅपटॉपच्या कडेला सरकवलेला बत्ताही आला. सुरेखाबाईंनी तो हातात घेऊन पाहिला.

"आणि खल?"

"येतोय. वाटेत आहे."

"वाटेत, म्हणजे मैथिलीच्या हॉलमध्ये."

"आमच्या भाषेत त्याला हब म्हणतात."

दुसऱ्या फेरीला खवा होता. खव्यापुढे खलाचं काय चालणार? तिसऱ्या फेरीला ओले काजू. चौथ्या फेरीला नागेशने स्वतःच्या बायकोची पैठणी आणली. ती नाशवंत नव्हती, पण नागेशच्या सासूबाई पुण्याहून रोज विचारत होत्या, आणि मंत्र्यांची सासुरवाडी ही सगळ्या विमानकंपन्यांत सारखीच असते. दरम्यान परतीच्या बाजूने लाडू चालूच होते. म्युनिकमध्ये मागणी वाढली, गार्चिंगच्या विद्यार्थ्यांना वास लागला, आणि एका दुपारी चारुलताच्या मिक्सरने दाण्याचं कूट करता करता धूर सोडून देह ठेवला.

"आल्झो, बाबा," चारुलता ऑफिसातून आल्यावर म्हणाली, म्हणजे आता ती काहीतरी मनावर घेऊन बोलणार होती. "मिक्सर गेला. फ्रीजमध्ये दुधाला जागा नाही. बाथरूममध्ये कोणाचं तरी पुरणयंत्र आहे. एक पार्सल पोस्टात टाकलं की दोन दिवसांत येतं इथे."

"पोस्ट?" दिनकररावांनी हा शब्द कोणीतरी मंगल प्रसंगी अशुभ बोलावं तसा ऐकला. "सूनबाई, पोस्टाने कोणीही पाठवेल. त्यात नियोजन ते काय?"

"गेनाऊ," प्रताप हळूच म्हणाला. जर्मनीत या एका शब्दाने 'अगदी बरोबर' म्हणता येतं आणि कोणाचं बरोबर, हे मात्र सांगावं लागत नाही.

मिक्सर गेल्यावरही लाडू थांबले नाहीत. डबे पूर्वीसारखेच वेळेवर भरून ओट्यावर दिसत. कूट कुठून येतं, असा प्रश्न दिनकररावांना पडला नाही. माल कुठून येतो हे विचारायची नियोजन खात्याला सवय नसते. सुरेखाबाई मात्र आता रोज दुपारी पिशवी घेऊन "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून बाहेर पडत आणि दोन-अडीच तासांनी येत. ते त्यांना खुपलं. घरात पाहुणी म्हणून बसायचा कंटाळा आला की माणूस रस्त्यावर हिंडतो. तामुआलाही पहिल्या दिवसांत ती अशीच बाहेर पडायची, हे त्यांना आठवलं, आणि पुढचं आठवण्याआधी फोन वाजला.

नागेश होता. त्याची पाठ धरली होती. डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली होती.

"काका, सॉरी. पुढचे पंधरा दिवस मी घरून काम करणार."

दिनकरराव मटकन खुर्चीत बसले. धाकटं विमान जमिनीवर! दोनच विमानं असली की एक बिघडल्यावर निम्मं आकाश जातं. त्यांच्याकडे तर एकच होतं. तामुआला एकदा असंच झालं होतं. ऐन सणाला थोरल्या विमानाचं इंजिन गेलं. दिनकरराव लोकांच्या शिव्या ऐकायला छाती घट्ट करून धावपट्टीवर गेले, तर बेटावरचे लोक तिथे चटया अंथरून गात बसलेले. "उद्या येईल," असं त्यांनीच दिनकररावांना समजावलं, आणि भाजलेला मासा दिला. काय माणसं होती! इथे ग्रुपवर एकानेही गाणं म्हटलं नाही.

मैथिलीने तर सरळ फोनच केला. "काका, माझं घर आहे की गोडाऊन? म्युनिकमध्ये वीतभर जागेला किती भाडं पडतं, कल्पना आहे तुम्हाला? माझ्या हॉलमध्ये तेरा पिशव्या आहेत! काल तुमच्या खलाला अडखळून माझा अंगठा सुजला."

"खलाला काही झालं नाही ना?"

पलीकडून एक पिशवी बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"काका," मैथिली शेवटी म्हणाली, "मी बघते काय करायचं ते. तुम्ही आता काही प्लॅन करू नका. प्लीज."

परतीचा आठवडा आला. सुरेखाबाईंनी पलंगावर बॅग उघडून भरायला घेतली. दिनकरराव दारात उभे राहून त्यांच्या घड्या बघत होते. तामुआची आखणी त्यांना सोपी वाटायची, कारण तिथे काय येणार आणि काय राहणार, ते त्यांच्या हातात होतं.

"सुरेखा, अजून सहा दिवस आहेत."

"हो ना. बरीच कामं आहेत."

"नाही, म्हणजे खल येईल."

"येईल हो," त्या म्हणाल्या, तामुआच्या लोकांसारख्या, आणि पिशवी उचलून पाय मोकळे करायला निघून गेल्या.

प्रतापने संध्याकाळी विचारलं, "बाबा, आईला विचारलंत? पुढच्या वर्षीची तिकिटं आत्ताच काढली तर बरं पडेल." दिनकररावांनी फळ्याकडे पाहिलं. विहानने वोल्फ्सबुर्गच्या बेटावर दोन माणसं काढली होती, शेजारी एक विमान. विमानात कोणी नव्हतं. रिकामं विमान! दिनकररावांना ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते नेहमीच्या बसने, म्हणजे ती चुकल्यावर पुढच्या बसने, घरी आले तर दाराच्या पेटीत एक चिठ्ठी. चारुलताला फोन करून त्यांनी ती अक्षर अक्षर वाचून दाखवली.

"अहो बाबा, पार्सल आलंय. मैथिलीने पाठवलेलं दिसतंय, पोस्टाने. घरी कोणी नव्हतं ना, म्हणून शेजारी ठेवलंय. इथे तसंच करतात. फ्राऊ लिंडेमानकडे, बागेवालं घर."

"पोस्टाने? किती दिवस लागले?"

चारुलता सुस्वभावी मुलगी होती. "लागले थोडे," ती म्हणाली.

फ्राऊ लिंडेमान या कारखान्याच्या कँटीनमध्ये जन्म काढलेल्या, दांडग्या हाडाच्या, एकट्या राहणाऱ्या बाई. दुपारी एक ते तीन या विश्रांतीच्या वेळात कोणी टाचणी पाडली तरी त्या दारात येतात, अशी त्यांची ख्याती होती. दिनकररावांनी घड्याळ पाहिलं. अडीच. त्यांनी तरीही बेल दाबली. खलासाठी माणूस एवढा धोका पत्करतो.

दार उघडलं नाही. पण आतून आवाज आला. ठक, ठक, ठक-ठक. ठक, ठक, ठक-ठक.

दिनकररावांचे पाय जागीच थांबले. हा ठेका त्यांनी कुठेही ओळखला असता. पत्र्याच्या छपराखाली, समुद्राच्या वाऱ्यात, धावपट्टीच्या पलीकडून. ते घराला वळसा घालून बागेकडच्या दारात गेले. आत स्वयंपाकघरात ओट्याशी पदर खोचून सुरेखाबाई उभ्या होत्या आणि भल्यामोठ्या दगडी खलात, खाली जाड घोंगडीचा तुकडा घालून, दाणे कुटत होत्या. समोर बसून फ्राऊ लिंडेमान जांभळ्या प्लमच्या बिया काढत जर्मनमध्ये काही सांगत होत्या. सुरेखाबाई मराठीत "हो ना, सुनांचं असंच असतं" म्हणत होत्या. दोघींना एकमेकींचा शब्दही कळत नव्हता आणि गप्पांत कुठे खंड नव्हता.

"अहो, तुम्ही?" सुरेखाबाई म्हणाल्या. "या. चपला बाहेर काढा, बाईंना चालत नाही."

"तू… इथे… कधीपासून?"

"मिक्सर जळला ना, तेव्हापासून. तुमच्या लाडवांना कूट कुठून आणायचं? नुसता बत्ता आलेला. मी आपली स्टीलच्या पातेल्यात कुटत बसले बाल्कनीत. ऐन दुपारी. तर या तावातावाने भांडायला आल्या. दहा मिनिटं बोलल्या. मला काय कळतंय? मी लाडू दिला. खाल्ला, थांबल्या, दुसरा घेतला, नि माझा हात धरून इथे घेऊन आल्या. म्हणाल्या, इथे कुट. घोंगडी घातली की आवाज बाहेर जात नाही."

"तुला जर्मन कळलं?"

"एवढं कळतं हो. लोसाचं कुठे कळत होतं?"

आणि दिनकररावांना ते पुढचं आठवलं. लोसा, तामुआची शेजारीण. सुरेखाबाई पहिल्यांदा बेटावर उतरल्या तेव्हा वारा उलटा होता, विमान जड होतं, आणि त्यांची ट्रंक, खलबत्त्यासकट, बटाट्यांसाठी मागे राहिली होती. तो हुकूम दिनकररावांनीच काढला होता. ती ट्रंक कुणाची हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी, ते नेहमी म्हणत, नियम तो नियम. नवी नवरी वाटण करायला दगड मागायला शेजारी गेली, आणि त्या दाराशी तिचा पुढचा सगळा जन्म बसलेला होता. ट्रंक आली तोवर लोसाने तिला मासा साफ करायला आणि तिने लोसाला फोडणी द्यायला शिकवलं होतं.

"खलबत्ता वेळेवर आला असता तर मी घरातच कुटत बसले असते," सुरेखाबाई म्हणाल्या. "तेव्हाही, नि आत्ताही."

दिनकररावांनी हे मनात दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. "म्हणजे एका परीने हे सगळं माझ्या नेटवर्कमुळेच…"

"नेटवर्कच्या उशिरामुळे."

"उशीर हा नेटवर्कचाच भाग असतो, सुरेखा."

फ्राऊ लिंडेमान उठल्या, कोपऱ्यातला खोका आणून त्यांनी टेबलावर ठेवला. ठेवताना टेबल कुरकुरलं. दिनकररावांनी स्वतःच्या हाताने चिकटपट्टी सोडवली. आत मैथिलीची जुनी ओढणी, तिच्यात काळा, बसका, कुठेही न नासलेला खल. सुरेखाबाईंनी पिशवीतून बत्ता काढला, खलाच्या कडेवर एकदा हलकेच आपटला. ठण्ण! दगडाच्या मानाने तो आवाज बारीक होता, पण लांबवर गेला. पार पत्र्याच्या छपरापर्यंत. दिनकररावांनी चष्मा काढून पुसला. फ्राऊ लिंडेमान घड्याळाकडे पाहून बोट ओठांवर ठेवत्या झाल्या, पण हसत.

"मग…" दिनकरराव घसा साफ करून म्हणाले, "प्रताप पुढच्या वर्षीच्या तिकिटांचं विचारत होता."

"काढायला सांगा. पण मेअखेरचं सांगा हं. जूनमध्ये बाईंच्या चेरी लागतात. मला त्यांचं लोणचं घालून बघायचंय."

तामुआ एअरवेजचा शब्द पाळला गेला होता. दिनकररावांची छाती इतकी फुगली, की फ्राऊ लिंडेमाननी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते म्हणाले, "बघ, मी म्हटलं होतं ना? जगात दूर असं काही नसतंच! आता हा खलबत्ता आपल्या प्रतापच्या ओट्यावर कायमचा…"

"छे हो, इथे कशाला? इथे बाईंचा आहे की. पुण्याला नऊ महिने मी कशात कुटू?" सुरेखाबाईंनी खल आणि बत्ता ओढणीत एकत्र गुंडाळला आणि दिनकररावांच्या मांडीवर ठेवला. "माझ्या बॅगेत जागा नाही. बाईंनी प्लमचा मुरांबा दिलाय, आठ बाटल्या. नाशवंत आधी. तेवढा हा तुमच्या बॅगेत घ्याल का? आणि या वेळी विमानतळावर काढू नका."